वडिलांनी राहू दिलेलं म्हातारं जोडपं, भाऊ म्हणतो जेसीबी आणतो. त्यांचा काही हक्क असतो का?

अमळनेरची_लेक

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय कारण काल रात्रभर झोप नाही. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

माझं माहेर अमळनेर. वडिलांनी धुळे रोडकडे एक प्लॉट घेऊन ठेवला होता, एनए (बिनशेती) झालेला, नगरपालिका हद्दीतला, स्वतःच्या पगारातून घेतलेला. बांधकाम काही झालं नाही. तिथे एक म्हातारं जोडपं राहतं. त्यातला म्हातारा, त्याला आम्ही बाबा म्हणतो, पूर्वी बोरी नदीकाठच्या एका शेतकऱ्याकडे सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) होता, कितीतरी आखाज्या (अक्षय तृतीया) त्याच एका खळ्यावर काढल्या, मग पाय मोडला, काम होईना, पुढच्या आखाजीला मालकाने साल धरलं नाही आणि शेतातली खोलीही सोडायला लावली. दोघं नवरा-बायको गाठोडं घेऊन स्टेशनवर झोपायचे. वडिलांनी पाहिलं आणि म्हणाले प्लॉट रिकामाच पडलाय, रहा तिथे, बाभळी तोडत जा, ढोरं घुसू देऊ नको. ही 2014 ची गोष्ट. भाडं नाही, कागद नाही, नुसता शब्द.

वडील दिवाळीच्या आधी गेले. आता त्या बाजूला भाव चढलेत, भावाला प्लॉट विकायचाय आणि त्याला कोणीतरी सांगितलंय की बारा वर्षं पूर्ण झाली की जागा राहणाऱ्याची होते, अकरा तर झालीच. म्हणून तो म्हणतो पावसाळ्याच्या आधी जेसीबी आणतो, एका सकाळचं काम आहे.

मी आखाजीला माहेरी आलेय म्हणून काल सांजोऱ्या घेऊन तिकडे गेले होते. आजीने दारासमोर पांढऱ्या मातीने सारवलेलं, तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस, पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेले. दोघांची आधार कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाशाला खोचलेली. ती खाली काढून मला दाखवत होती, जसं काही मी तपासायलाच आलेय. मग म्हणाली, "पोरी, भाऊले सांग, आमी कोठे जासूत आते?" मला काही बोलताच आलं नाही.

तर प्रश्न असा की त्यांना कायद्याने काही हक्क आहे का, भाऊ असा जेसीबी आणू शकतो का आणि खरंच बारा वर्षांत जागा जाते का? भावाचं नुकसान व्हावं असंही मला वाटत नाही, त्याच्याही डोक्यावर कर्ज आहे.

बागायतदार_पारोळा

ताई तुमचं मन मोठं आहे पण मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जागा ज्याची त्याच्या ताब्यात असली पाहिजे. आमच्या आजोबांच्या काळात कुळ कायदा आला, 1 एप्रिल 1957 चा कृषकदिन, आणि ज्याला शब्दावर जमीन कसायला दिली होती त्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं. त्या माणसाने कसली, घाम गाळला, त्याला मिळाली, त्याबद्दल मी आज तक्रार करत नाही पण तेव्हापासून आमच्या घरात "शब्दावर काही द्यायचं नाही" हे लहानपणापासून ऐकतोय. आत्ताही माझ्या शेजारच्या शेतकऱ्याची केस चालूय, राखणदाराने खोली सोडली नाही, आठ वर्षं झाली कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय, मुलीचं लग्न त्या जमिनीच्या भरवशावर ठरलं होतं. म्हणून सांगतो, लाईट मीटर त्यांच्या नावाने येऊ देऊ नका, घरपट्टीला त्यांचं नाव लागू देऊ नका आणि चार पैसे हातात देऊन बारा वर्षांच्या आत मोकळं करून घ्या. जेसीबी नको, पण उशीरही नको.

वकील_धुळे

ताई, सविस्तर लिहितो, दिवाणी कामं बघतो मी, हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतो आणि प्रत्येक वेळी "बारा वर्षं" हाच शब्द घेऊन येतो.

बारा वर्षांचं खरं काय ते आधी. 1963 च्या मुदत कायद्यात अनुच्छेद 65 आहे, खाजगी जागेचा ताबा मागण्याची मुदत 12 वर्षं, सरकारी जागेला 30. पण ही बारा वर्षं माणूस राहायला आला त्या दिवसापासून मोजत नाहीत, ताबा मालकाच्या विरोधात झाला त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे त्याने उघडपणे, सगळ्यांच्या देखत, "ही जागा माझी, तुझा काही संबंध नाही" अशा पद्धतीने धरलेली हवी आणि हे सगळं सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. तुमच्या वडिलांनी स्वतः राहा म्हटलं ना, मग तो परवानगीचा ताबा झाला. परवानगीने बारा काय, चाळीस वर्षं राहिला तरी तेवढ्यावरून मालक होत नाही. त्यामुळे पुढच्या आखाजीला जागा जाईल ही भीती भावाच्या डोक्यातून आधी काढा, सगळी घाई तिच्यातूनच चाललीय.

पारोळ्याच्या भाऊंनी मीटर आणि घरपट्टीचं लिहिलंय. लाईट बिल, रेशन कार्ड, घरपट्टीच्या उताऱ्यात भोगवटादार म्हणून नाव, यातल्या कशानेही मालकी मिळत नाही. वीज कायद्यात जागेचा मालक किंवा भोगवटादार कोणीही कनेक्शन मागू शकतो. त्या कागदांनी एवढंच सिद्ध होतं की माणूस तिथे राहत होता. आणि कुळ कायद्याची गोष्ट वेगळी, ते शेतजमीन कसण्याबद्दल होतं. त्याच कुळ कायद्यात, तो 1948 चा, कलम 16 ते 18 आहेत, फार कमी लोकांना माहीत असतात. गावात मालकाच्या जागेवर कुळाने किंवा शेतमजुराने स्वतःच्या खर्चाने घर बांधलं असेल तर त्याला तिथून सहजासहजी काढता येत नाही आणि ती घराखालची जागा विकायची झाली तर आधी त्याला विचारावं लागतं. तुमचा प्लॉट नगरपालिकेतला एनए आणि बाबा तुमच्या शेतावर कामाला नव्हता, म्हणून तुम्हाला ते लागू पडत नाही असं माझं मत. पण इथे वाचणाऱ्या ज्यांच्या शेतात सालदाराने स्वतः विटा लावल्यात त्यांनी नीट लक्षात ठेवावं.

आता दुसरी बाजू. मालक नाही म्हणजे उचलून फेकता येतं असं नाही. स्थिरावलेला ताबा असेल, म्हणजे माणूस खरोखर तिथे राहतोय, चार दिवसांसाठी घुसलेला नाही, तर मालकानेही त्याला कायद्याच्या मार्गानेच काढायचं, हे सुप्रीम कोर्टाने कितीतरी वेळा म्हटलंय, 2004 चा रामे गौडा निकाल त्यासाठी नेहमी दाखवतात. विशिष्ट दिलासा कायद्याचं कलम 6 तर असं आहे की ज्याला कायद्याबाहेर जाऊन हुसकावलं त्याने सहा महिन्यांच्या आत दावा केला तर कोर्ट मालकी कोणाची हे बघतच नाही, आधी ताबा परत द्यायला लावतं. त्यातही मेख आहे ती लपवत नाही. 2012 मध्ये मारिया मार्गारिडा प्रकरणात कोर्टाने सांगितलं की राखणदार, नोकर यांचा ताबा हा मालकाच्या वतीने असतो, कितीही वर्षं झाली तरी त्यांचा स्वतःचा हक्क तयार होत नाही, मागितला की द्यावा. तुमच्या वडिलांनी "ढोरं घुसू देऊ नको" म्हटलं होतं, त्यावरून भावाचा वकील बाबाला राखणदार म्हणेल, बाबाचा वकील म्हणेल दयेने ठेवलेला आश्रित. कोर्टात जे ठरायचं ते ठरेल पण त्या निकालातही कोर्टाने जेसीबीला परवानगी दिलेली नाही हे भावाला सांगा. शेड पाडलं, भांडीकुंडी मोडली तर नुकसानीचा गुन्हा. आणि जोडपं भिल्ल किंवा दुसऱ्या अनुसूचित जमातीचं असेल आणि तुम्ही नसाल तर 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा, त्यात राहत्या जागेतून बेकायदा हुसकावणं हा सरळ गुन्हा आहे.

परवानगी काढून घेता येते. 1882 चा सुखाधिकार कायदा आहे, त्याचं कलम 63 सांगतं की परवानगी काढली तरी माणसाला निघायला आणि सामान हलवायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे. ऐंशीला टेकलेल्या माणसाला मे महिन्यात आठ दिवस हा वाजवी वेळ नाही, माझ्या मते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही ती सांगतो. वडिलांनी मृत्युपत्र केलंय का? नसेल तर त्यांच्या स्वकष्टाच्या प्लॉटवर आई, तुम्ही आणि भाऊ तिघांचा सारखा हिस्सा, 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने. तुमच्या सहीशिवाय पूर्ण प्लॉटचं खरेदीखत होणार नाही. आपल्याकडे आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीकडून हक्कसोडवर सही घेऊन टाकतात, तसं कोणी कागद पुढे केला तर आधी वाचा. तुम्ही यात नुसत्या प्रश्न विचारणाऱ्या नाही, मालक आहात.

जळगावचा_पोरगा

वकीलसाहेबांनी ते सहा महिन्यांचं लिहिलं ते वाचून हात थांबले. मी त्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

मी दहा वर्षांचा असताना आम्ही एका बंद पडलेल्या ऑईल मिलच्या मागच्या शेडमध्ये राहायचो. मिलवाल्यांच्याच माणसाने राहू दिलं होतं, आई तिथलं आवार झाडायची. पाच वर्षं झाली होती. एक दिवस मी शाळेतून आलो तर सगळं सामान रस्त्यावर, दादर ज्वारीच्या पिठाचा डबा आडवा पडलेला आणि पीठ गटारीपर्यंत सांडलेलं, आई ते वरच्या वरचं हाताने गोळा करत होती. माझं दप्तर सोबत होतं म्हणून वाचलं, बहिणीची पुस्तकं पाण्यात. वडील पोलीस चौकीत गेले तर तिथे सांगितलं जागा तुमची आहे का, नाही ना, मग. वडिलांना वाटलं खरंच आहे, जागा आपली नाही म्हणजे आपल्याला बोलायचा अधिकारच नाही. पुढे दोन वर्षांनी एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की तेव्हाच सहा महिन्यांत कोर्टात गेला असता तर निदान ऐकून तरी घेतलं असतं. सहा महिने. आम्ही तर सहा महिने नुसते पुलाखाली काढले.

ताई, मी तुमच्या भावाला वाईट म्हणत नाही. पण त्याला एवढं सांगा की निघायला सांगणं वेगळं आणि सामान बाहेर फेकणं वेगळं. आम्हाला दोन महिने आधी सांगितलं असतं तर आम्ही निघालो असतो, भांडलो नसतो.

शहाद्याचे_गुरुजी

पोरा, वाचून घशात आलं. असे विद्यार्थी माझ्या वर्गात दरवर्षी असतात, ऊसतोडीचे, वीटभट्टीचे, पालावरचे. सगळ्यांनी लक्षात घ्या की ज्याला घर नाही त्याचे बाकीचे हक्क घराबरोबर जात नाहीत. शाळेत प्रवेशाला जन्मदाखला नाही, पत्ता नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, 2009 चा शिक्षण हक्क कायदा आहे. मतदार यादीत नाव लागतं, बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, तो ज्या ठिकाणी झोपतो तिथे बीएलओ (मतदार यादीचं काम पाहणारा कर्मचारी) रात्री येऊन खात्री करतो. शिक्षक म्हणून हे काम मी स्वतः केलंय, बॅटरी घेऊन, एका बंद जिनिंगच्या ओट्यावर झोपलेल्या चार माणसांची नावं लावली होती. त्यातला एकजण मला मतदानाच्या दिवशी बोटावरची शाई दाखवायला शाळेत आला होता.

ताई, तुमच्या बाबा-आजीला पेन्शन चालू आहे का ते आधी बघा. 65 च्या वर वय आणि उत्पन्न कमी असेल तर श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळतात, दोघांना वेगवेगळे. तहसीलला संजय गांधी शाखेत अर्ज. मुलं असतील आणि सांभाळत नसतील तर 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, प्रांताकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. आणि मूळ गाव कोणतं? तिथल्या ग्रामपंचायतीत घरकुलाच्या यादीत नाव असेल आणि जागा नाही म्हणून अडलं असेल तर दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी योजनेतून जागेसाठी पैसे मिळतात, आदिवासी असतील तर शबरी घरकुल वेगळं आहे.

जागेवरच्या हक्काचं मात्र वकीलसाहेब म्हणतात तेच. पुष्कळ कार्यकर्ते 1985 चा ओल्गा टेलिस निकाल सांगतात, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे म्हणून. निकाल मोठाच आहे, पण तो फुटपाथवरच्या लोकांचा आणि महापालिकेचा होता. खाजगी प्लॉटवर त्याचा आधार घेऊन बसता येत नाही, खोटी आशा लावू नये.

अजून एक बोलतो, विषय सोडून वाटेल पण नाहीये. 1 जुलै 2018 ला आपल्याच साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावाने ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागायला आलेले. मुलं पळवणारी टोळी म्हणून अफवा होती. ज्याला गावात घर नाही, ओळख सांगणारा कोणी नाही, त्याच्यावर संशय किती पटकन येतो ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. तुमच्या वडिलांनी त्या म्हाताऱ्याला पत्रा दिला तसंच "हा आपला माणूस आहे" असं सांगणारा शेजारही दिला. तो पत्र्याच्याही वर आहे.

बागायतदार_पारोळा

गुरुजी, वकीलसाहेब, दोघांचं वाचलं. परवानगीचा ताबा आणि विरोधातला ताबा हा फरक मला आजपर्यंत कोणी सांगितला नव्हता, माझ्या स्वतःच्या मळ्यावर एक कुटुंब आहे म्हणून विचारतो, आता कागद केला तर चालतो का? की कागद केला म्हणजे उलट त्यांना पुरावाच दिल्यासारखं होतं?

वकील_धुळे

चालतो, आणि उलट तुमच्याच बाजूने होतो. त्यात एवढंच लिहायचं की अमुक साली मालकाने राहायला परवानगी दिली, भाडं नाही, राहणारा मालकी सांगत नाही आणि निघायचं झालं तर किती महिने आधी कळवायचं. ती शेवटची ओळ त्यांच्यासाठी, ती गाळू नका. आणि कृपा करून त्या माणसाला त्याच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका. मी असे कागद पाहिलेत ज्यात माणसाला वाटलं रेशनचा फॉर्म आहे. तसा कागद कोर्टात टिकत नाही आणि टिकू नयेच. तुमच्या मळ्यावरची खोली कोणी बांधली ते मला मेसेजमध्ये कळवा, वर लिहिलेलं 16 ते 18 तुम्हाला लागू शकतं.

अमळनेरची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री भावाला फोनवरून हे सगळं वाचून दाखवलं, आई पण बसली होती. तो आधी चिडला, म्हणाला तू घरचं चव्हाट्यावर नेलं. मग जळगावच्या भाऊंचं ते पिठाचं वाचलं तेव्हा गप्प झाला. आमच्या वडिलांनीही लहानपणी काही दिवस मामाच्या ओसरीवर काढले होते, आईने तेव्हा ती आठवण काढली.

जेसीबी रद्द झालाय. पण प्लॉट विकायचाच आहे, कर्जाला दुसरा मार्ग नाही. मृत्युपत्र नाहीये. शेड वडिलांच्या पैशाने झालं, पत्रे त्यांनी आणून दिले, बाबाने फक्त उभं केलं. मूळ गाव साक्री तालुक्यात, भिल्ल समाज, एक मुलगा सुरतला आहे तो सहा वर्षांत आलेला नाही. पेन्शन फक्त बाबाची चालू आहे, आजीची नाही कारण आधारवर वय चुकीचं पडलंय, 58 लिहिलंय आणि तिला पाहून कोणीही सांगेल. हे सगळं कुठून सुरू करू? आणि भाऊ म्हणतो गिऱ्हाईक थांबणार नाही, जे ठरेल ते पक्कं पाहिजे, उद्या बाबाने किंवा सुरतच्या मुलाने शब्द फिरवला तर काय.

वकील_धुळे

सोपं करून सांगतो. अमळनेर कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती बसते. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, 1987 चा कायदा, उत्पन्नाचा दाखलाही मागत नाहीत. बाबा-आजींना तिथे घेऊन जा, त्यांचा वकील त्यांचा वेगळा असू द्या, तुमचा वेगळा. मग दावा न टाकताच दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत तडजोड ठेवता येते. मुदत किती, त्यांना हलवायला किती रक्कम, ती कोणाच्या खात्यात, सगळं त्यात लिहा. तो निवाडा झाला की त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही, मग शब्द फिरवायचा प्रश्न राहत नाही, ना बाबाकडून ना तुमच्या भावाकडून. मुदत पावसाळ्यानंतरची घ्या, दिवाळीपर्यंत. गिऱ्हाईकाला तो निवाडा दाखवला की तो थांबेल, कारण भांडणाचा प्लॉट आणि तारीख ठरलेला प्लॉट यात किमतीचा फरक पडतो.

शहाद्याचे_गुरुजी

आजीच्या वयाचं मी सांगतो. ती किंवा तिची भावंडं कधी शाळेत गेली असतील तर गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर बघा, नाहीतर मतदार यादीची जुनी प्रत. सरकारी दवाखान्यात वयाचा दाखला मिळतो का तेही विचारा. साक्रीकडचं गाव कोणतं ते मला मेसेज करा, माझा एक विद्यार्थी तिकडे ग्रामसेवक आहे, घरकुल यादीत नाव आहे का ते दोन दिवसांत कळेल.

जळगावचा_पोरगा

ताई, हलवायच्या दिवशी टेम्पो माझा. भाडं नको. आजीची तुळस पुढे माझ्याजवळ केबिनमध्ये ठेवू, मागे वाऱ्याने मोडेल.

अमळनेरची_लेक

सोमवारी अकरा वाजता आई, मी आणि बाबा-आजी कोर्टात जातोय. भावाने रिक्षा सांगितलीय, बाबाला चालवत नाही म्हणून. आजीने विचारलं कागद कोणते लागतील, मी म्हटलं ती वाशाची पिशवीच घेऊन ये.